सोबत राहणारा

शॉवरला आधी तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. कॅलिओपी त्याखाली हात धरून पाणी गरम व्हायची वाट पाहत उभी राहिली. बाहेर रिकाम्या खोलीत दलालीण रोंडा फोनवर कुणाला तरी 'निघतेच आता' असं पुन्हापुन्हा सांगत होती. कॅलिओपीने तिकडे लक्ष दिलं नाही. घर घ्यायचं तर गरम पाणी यायला किती वेळ लागतो हे आधी बघायचं, असं तिने ठरवूनच ठेवलं होतं. सध्याच्या घरात हिवाळ्यात तिची अंघोळ संपत आली की पाणी गरम होई.

तिचा भाऊ थानासी खिडकीच्या काचेला नाक लावून उभा होता.

"पोपी, खाली बाग आहे. बाकडीपण आहेत. पण कुणी बसलेलंच नाही."

"तिथे बसत नाहीत," रोंडा फोन ठेवत म्हणाली. "बघायची बाग आहे ती."

थानासीने पुन्हा नीट खाली बघितलं. "मग बाकडी कशाला ठेवलीत?"

आमच्या क्वीन्समधल्या जुन्या को-ऑप इमारतींत हे असंच असतं. मधोमध बाग, चारी बाजूंनी घरं, आणि बागेत जायचे नियम एवढे, की माणसं खिडकीतूनच समाधान मानतात. हॅथॉर्न कोर्ट ही त्यांतलीच एक. सहा मजले, लिफ्ट, तळघरात कपडे धुवायची यंत्रं, दारात रोज पुसले जाणारे पितळी कठडे. चौथ्या मजल्यावरचं हे घर एका म्हाताऱ्या शिक्षिकेचं होतं. ती गेली, तिच्या भाच्यांना विकायची घाई होती, म्हणून ते कॅलिओपीच्या आवाक्यात आलं.

कॅलिओपी मावरोस, वय एकसष्ट. सरकारी इस्पितळात क्ष-किरण विभागाच्या खिडकीवर बसते आणि लोकांना नावाने पुकारते. तिचं स्वतःचं नाव कुणालाच धड घेता येत नाही, म्हणून सगळे तिला पोपी म्हणतात. लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे आधी वडील आजारी होते, मग आई, आणि थानासी तर कायमचाच होता. लहानपणी त्याला ताप आला आणि तो मेंदूपर्यंत गेला. आता त्याला चोपन्नावं वर्ष आहे. सुपरमार्केटच्या आवारात तो ढकलगाड्या गोळा करून ओळीने लावतो, पगार आणून बहिणीच्या हातात देतो, आणि भेटेल त्या माणसाला विचारतो, "आज काय जेवलात?" त्यांच्या आईचा हा प्रश्न. ग्रीक आया 'कसे आहात' असं विचारतच नाहीत, सरळ पोटालाच हात घालतात.

लिफ्टमधून खाली जाताना दुसऱ्या मजल्यावर एक बाई कुत्र्यासह आत आली. थानासीने तिला विचारलंच. बाई दचकली, मग म्हणाली, सँडविच. थानासीने कुत्र्याचीही चौकशी केली. रोंडा हसली खरी, पण रस्त्यावर आल्यावर तिने कॅलिओपीचा दंड हलकेच धरून तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं की कमिटीपुढे मुलाखतीला एकट्याच या.

"आणि विचारतील तेवढंच बोला. शेवटी ते म्हणतील, तुम्हाला काही विचारायचंय का? तर म्हणायचं, नाही. मुलाखत जेवढी छोटी तेवढं काम पक्कं."

घर पाहावं बांधून म्हणतात. आमच्याकडे घर पाहावं कमिटीपुढे बसून. तुमच्याकडे पैसे आहेत, विकणारा राजी आहे, वकिलाने कागद तपासलेत, तरी इमारतीतल्या चार-पाच शेजाऱ्यांना तुम्ही पसंत नसलात तर सगळं मुसळ केरात. आणि का पसंत नाही, हे त्यांनी सांगायचं नसतं.

पोपीला घर हवं होतं. अॅस्टोरियात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती एकतीस वर्षं भाड्याने राहत होती आणि तिचे गुडघे आता प्रत्येक पायरीला बोलून दाखवत होते. पण खरं कारण गुडघे नव्हते. आईने जन्मभर 'परक्याचं घर आहे' म्हणून भिंतीला खिळा मारू दिला नाही, आणि आई त्या परक्याच्या घरातच गेली. एकदा तरी स्वतःच्या नावाचं दार असावं असं पोपीला वाटे. हे ती कुणाला सांगत नसे, कारण एकसष्टाव्या वर्षी हे सांगणं तिला बालिश वाटे.

तिच्याच खात्यात हायासिंथ नावाची बार्बाडोसची बाई होती. ती स्वतः ब्राँक्समधल्या एका को-ऑपमध्ये वीस वर्षं राहत होती. जेवणाच्या सुट्टीत पोपीने तिला घराचे फोटो दाखवले. हायासिंथने ते मन लावून पाहिले आणि स्वयंपाकघर चांगलं आहे म्हणून सांगितलं. मग डब्यातला भात खाता खाता म्हणाली, "पण तू घर घेत नाहीयेस बरं का. तू शेअर घेतेयस. घर कंपनीचं. कंपनी ते तुला भाड्याने देणार."

"म्हणजे पैसे मोजून परत भाडेकरूच?"

"आपणच आपले भाडेकरू. मालकाला शिव्या घालायच्या झाल्या तर आरशासमोर उभं राहायचं."

पोपी हसली. हायासिंथ हसली नाही. तिने चमचा खाली ठेवला.

"थानासीचं काय करणारेस? तुझ्यानंतर?"

"त्याच्या नावावर करीन. मृत्युपत्रात लिहीन."

"लिही की. शेअर मिळतील त्याला. पण राहायचं तर कमिटीची परवानगी लागेल. नवरा-बायकोला आपोआप मिळतं. भावाला मिळत नाही. नाही म्हणाले तर शेअर विकून पैसे घ्यायचे आणि दुसरीकडे जायचं."

"दुसरीकडे कुठे?"

"ते कमिटी सांगत नाही."

त्या दुपारी पोपीने खिडकीवरून तीन नावं चुकीची पुकारली. तिच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती.

वकिलाने फोनवर हायासिंथचं म्हणणं शब्दशः खरं ठरवलं, आणि वर एक गोष्ट सांगितली जी पोपीला माहीत असूनही कधी सुचली नव्हती. अॅस्टोरियाचं तिचं घर जुन्या भाडेकायद्याखाली होतं. त्या कायद्यात, भाडेकरूसोबत वर्षानुवर्षं राहणारा सख्खा माणूस, मग तो भाऊ का असेना, मागे तिथेच राहू शकतो. मालकाला त्याच्या नावाने करार करून द्यावाच लागतो. आई गेल्यावर पोपीला ते घर असंच तर मिळालं होतं. म्हणजे भाड्याचं घर भावाला जातं आणि विकत घेतलेलं जात नाही. वकील हे हवामान सांगावं तशा आवाजात म्हणाला.

मार्ग एकच होता. शेअर आत्ताच दोघांच्या नावाने घ्यायचे. पण मग कमिटीने दोघांनाही पसंत करायला हवं होतं.

रोंडाने हे ऐकून डोक्याला हात लावला. तिचं म्हणणं साधं होतं. पोपी एकटी गेली तर पंधरा मिनिटांत काम होईल. भाऊ नंतर आला, राहिला, तर कोण विचारतंय? पुढचं पुढे. तोवर ही कमिटीही बदललेली असेल, कदाचित जगात नसेल.

"त्यांना कळू तरी कशाला द्यायचं, मिस मावरोस?"

"ताकाला जायचं तर भांडं कशाला लपवू?" पोपी म्हणाली. "तो येईल."

मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात तिने थानासीची तयारी करून घेतली. त्याला निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. रात्रीची भांडी विसळताना ती विचारी, तिथे काय विचारायचं नाही? तो म्हणे, काय जेवलात ते. चौथ्या दिवशी त्याने हातातली ताटली पुसायची थांबवली.

"मग विचारायचं काय?"

"काहीच नाही."

"काहीच न विचारता लोकांशी बोलतात कसे?"

पोपीने नळ बंद केला आणि त्याला म्हणाली, झोप आता, उशीर झाला. उशीर काही झाला नव्हता.

कमिटी तळघरातल्या खोलीत बसली होती. शेजारीच धुलाईयंत्रं होती आणि कुणाच्या तरी कपड्यांतलं एक बटण आत खडखडत होतं. चौघंजण होते. अध्यक्षा मिसेस लिंडक्विस्ट, सत्तरीच्या, ताठ बसलेल्या, गळ्यात चष्म्याची साखळी. आगीच्या बंबावरून निवृत्त झालेला डूली नावाचा लठ्ठ गृहस्थ. एक तरुण हिशेबनीस मुलगी. आणि एकजण, जो सुरुवातीपासून शेवटपर्यंत काही बोलला नाही. असा एक प्रत्येक कमिटीत असतोच.

त्यांनी पोपीला नोकरीबद्दल विचारलं, एखादं वाद्य वाजवता का विचारलं, पाहुणे फार येतात का विचारलं. तिने रोंडाने पढवल्याप्रमाणे छोटी उत्तरं दिली. मग मिसेस लिंडक्विस्ट थानासीकडे वळल्या आणि त्याच्या कामाची चौकशी केली. त्याने ढकलगाड्यांबद्दल सांगितलं. हिवाळ्यात गाड्यांची चाकं बर्फाने धरतात, तेव्हा काय करावं लागतं तेही सांगितलं. नीट बोलला. पोपीचे खांदे जरा सैल झाले.

"ठीक तर," डूली म्हणाला. "तुम्हाला काही विचारायचंय आम्हाला?"

पोपी 'नाही' म्हणाली. पण डूली थानासीकडे बघत होता. थानासीने पोपीकडे बघितलं. त्याचा चेहरा लाल होत गेला. माणूस विचारा म्हणतोय आणि आपण विचारायचं नाही, हे त्याच्या समजुतीच्या बाहेरचं होतं.

"आज काय जेवलात?" तो हळूच म्हणाला.

डूलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्याने खुर्चीला पाठ टेकली आणि सांगितलं, विकतच्या डब्यातलं सूप. काल पण तेच. बायको मुलीकडे बाळंतपणाला गेलीय आणि त्याला चूल पेटवता येत नाही. जन्मभर विझवायचंच काम केलं. तरुण मुलीने कबूल केलं की तिने सकाळपासून काही खाल्लेलंच नाही. थानासीला ते आवडलं नाही आणि त्याने तसं सांगितलं. मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या, पावावर खारवलेला मासा. आई द्यायची तसा, कांदा घालून. मग त्यांनी त्यांच्या आईबद्दल सांगितलं. थानासीने सर्वांना बुधवारी पोपीच्या हातची पांढऱ्या घेवड्याची आमटी प्यायला बोलावलं. शेजारचं यंत्र कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. मुलाखत तासभर चालली.

घरी येताना पोपीने त्याला तांदळाची खीर घेऊन दिली, वर दालचिनी घातलेली. दुकानाच्या काचेपाशी बसून दोघांनी खाल्ली. पोपी त्या संध्याकाळी सुखात होती. तिला वाटलं, लोक आपल्याला वाटतात तेवढे वाईट नसतात. आणि ते खरंच होतं, लोक वाईट नव्हतेच.

पुढच्या आठवड्यात रोंडाचा फोन कामावर आला. तिने आधी अभिनंदन केलं. मग अट सांगितली. शेअर एकट्या मिस मावरोसच्या नावाने. भावाला तिथे राहायची पूर्ण मोकळीक, ती स्वतः तिथे राहत असेपर्यंत. पत्रात त्याच्या नावापुढे 'सोबत राहणारा' असं लिहिलं होतं.

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर. अहो, एवढंसुद्धा कुणाला मिळत नाही. त्यांना तो फार आवडलाय. डूली तर म्हणाला, असा शेजारी पाहिजे."

"मग नाव का नाही?"

"कारण देत नाहीत, मिस मावरोस. तुम्हाला माहितीय."

पोपीला कारण कुणी द्यायची गरजही नव्हती. गेल्याच हिवाळ्यात थानासीने अंघोळीचा नळ सुरू केला आणि खाली कुणाची तरी मोटार बर्फात अडकली म्हणून ढकलायला धावला. खालच्या घराचं छत फुगलं. ती घरी होती म्हणून निभावलं. कमिटीला ही गोष्ट माहीत नव्हती, पण असंच काहीतरी त्यांच्या मनात आलं असणार. त्यांच्या जागी ती असती तर तिच्याही मनात आलं असतं. म्हणून तिला रागसुद्धा धड येईना, आणि रागावता येत नाही याचंच तिला रडू आलं. इस्पितळाच्या कपडे बदलायच्या खोलीत ती थोडी रडली, तोंड धुतलं आणि परत खिडकीवर जाऊन बसली.

उत्तर द्यायला मुदत होती. पोपी शनिवारी थानासीला घेऊन पुन्हा एकदा घर बघायला गेली. घर बघून निघताना इमारतीच्या दारातच मिसेस लिंडक्विस्ट भेटल्या, हातात पाव आणि फुलं. थानासीला बघून त्यांचा चेहरा उजळला. आज मात्र मी अंडी खाल्ली, असं त्यांनी त्याने विचारायच्या आतच सांगितलं.

थानासी तिथल्या खिडकीतून बाग बघायला गेला तेव्हा पोपी म्हणाली, "मी नसताना तो कुठे जाईल, ते तुम्ही कुणी बोललात का?"

मिसेस लिंडक्विस्टनी फुलं दुसऱ्या हातात घेतली. "त्या खोलीत काय बोलणं झालं ते मला सांगता येत नाही."

"नका सांगू. मी फक्त विचारलं, बोललात का."

"तुम्ही अजून पुष्कळ वर्षं जगाल," त्या शेवटी म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या. मग त्यांनी दार उघडून धरलं आणि ही दोघं बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.

सोमवारी पोपीने रोंडाला नकार कळवला. रोंडाने समजावलं, चिडली, असं घर पुन्हा मिळणार नाही म्हणाली. तेही खरंच होतं. आठवडाभरात ते घर एका दंतवैद्याने घेतलं. हायासिंथने ऐकून फक्त मान हलवली आणि डब्यातली अर्धी मासळी पोपीच्या ताटलीत वाढली.

घरमालक बार्धी तळमजल्यावर राहत असे. पोपी जागा सोडणार ही कुणकुण त्याला लागली होती आणि तेवढ्यावर त्याने जिन्याला रंग द्यायचं मनात आणलं होतं. नवा भाडेकरू दुप्पट भाडं देता. तो भला माणूस होता, पण आशा कुणाला सुटलीय?

पोपीने त्याचं दार वाजवलं आणि सांगितलं, खालच्या घंटेच्या पाटीवर थानासीचंही नाव घाला.

"एकतीस वर्षं नव्हतं. आता कशाला?"

"आता हवंय."

"पण तुम्ही तर जाणार होतात ना?"

"नाही जात."

बार्धीने एक उसासा टाकला. "बरं. तुम्ही कशाही जाल कधीतरी, मिस पोपी. आपण सगळेच जाणार."

"हो. मग हा राहील," पोपी म्हणाली. "वकिलाला विचारा हवं तर."

बार्धीने जिन्यात उभ्या असलेल्या थानासीकडे बघितलं. थानासीने त्याला हात केला. बार्धीनेही नाइलाजाने केला.

पाटी बसायला महिना लागला, बार्धीच्या मानाने लवकरच. संध्याकाळी दोघं बाजार घेऊन आली तेव्हा ती दिसली. एकाखाली एक: के. मावरोस, ए. मावरोस. थानासीचं पाळण्यातलं नाव अथानासिओस, त्यातला 'ए'. हा मीच ना, अशी त्याने खात्री करून घेतली. मग पिशव्या खाली ठेवून बटण दाबलं. वर तिसऱ्या मजल्यावर घंटा वाजल्याचं पुसट ऐकू आलं. तो थांबला. पुन्हा दाबलं.

"कुणीच नाहीये घरात," तो म्हणाला.

पोपीने कोटाच्या खिशातून किल्ल्या काढून त्याच्या हातात दिल्या. "तू वर जा. मी इथून वाजवते."

तो पिशव्या घेऊन गेला. त्याच्या पावलांचा आवाज आधी मोठा, मग लहान होत गेला. थंडी होती. पोपीने कॉलर वर केली, तो पोचला असेल असा अंदाज घेतला आणि खालच्या नावापुढचं बटण दाबलं. काही झालं नाही. तिने वाट पाहिली. मग बटणांशेजारच्या बोलायच्या जाळीतून खरखर झाली.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"पोपी," ती म्हणाली. "थानासी आहे का घरी?"

मग तो म्हणाला, "आहे. ये वर," आणि त्याने वरून कळ दाबताच दाराचं कुलूप खट्कन सुटलं. तिने दार ढकललं, कठडा धरला आणि जिना चढायला लागली.